नोकरी सोडून पार्ल्याला परत आले आहे, पण आईबाबांसाठी नाही

तिसरा_मजला

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, आधीच सांगते.

वय ४३. लग्न केलेलं नाही (हा प्रश्न पहिल्या चार-पाच प्रतिसादांत येतोच, म्हणून आधीच). जन्म, शाळा, कॉलेज सगळं विलेपार्ले पूर्वेला. मग एमबीए, मग बंगळूर, आणि त्यानंतर गुरुग्राम. काम रिस्क आणि कंप्लायन्सचं. म्हणजे कंपनीने कुठल्या करारावर सही करावी, कुठल्या करू नये आणि केली तर पुढे कुठे अडकेल, हे सांगायचं. हाताखाली मोठी टीम होती. पगाराबद्दल बोलायला तोंड नाही. साहेब सज्जन, सहकारी चांगले. कोणाशी वाजलं नाही, कोणी त्रास दिला नाही, तब्येत बिघडली नाही.

यंदा बढती मिळाली. पत्रासोबत शेअर्स, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हातात येणारे. ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभ्याउभ्या फोनवर ते पत्र वाचलं. पहिला विचार असा आला की शेवटचा टप्पा येईल तेव्हा मी ४७ ची असेन, तेव्हा सुटता येईल. बढतीच्या पत्रात मी सुटकेची तारीख शोधत होते! त्या आठवड्यात राजीनामा दिला, नोटीस पीरियड पूर्ण केला आणि घरी आले.

आता गंमत ऐका. मला कारण कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, 'आईबाबांचं वय झालं ना!' ऑफिसात तेच, बिल्डिंगमध्ये तेच, मावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणात तेच. मीही हो ला हो केलं, कारण ते सोयीचं होतं. वस्तुस्थिती अशी की बाबा ७६ चे आहेत आणि लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचे तीन मजले दिवसातून दोनदा चढतात. आई ७१ ची, तिची भिशी, तिचं भजनी मंडळ, तिचा दीनानाथचा नाटकांचा ग्रुप. माझ्यावाचून दोघांचंही काही अडलेलं नव्हतं.

नव्हतं, असं म्हणायचं. कारण आता अडायला लागलंय. बँकेची केवायसी, बाबांची मोतीबिंदूची तारीख, वॉटर प्युरिफायरवाला, गावच्या घराची घरपट्टी, सगळं हळूहळू माझ्याकडे सरकलं. न्यूजर्सीचा दादा परवा फोनवर म्हणाला, "तू आहेस ना आता, मग मी डिसेंबरचं तिकीट नाही काढत." आई वाटेल त्याला सांगते, "आता लेक आलीय, काळजी नाही."

मी आले होते विचार करायला. पुढची वीस वर्षं काय करायचं, कुठे राहायचं, हेच काम पुन्हा करायचं का, कमी पैशात भागेल का. तो विचार काही होत नाहीये.

विचारायचं हे की धडधाकट असताना, काही बिनसलेलं नसताना, चांगली नोकरी सोडून घरी आलेल्या बायका इथे आहेत का? घरच्यांना काय सांगितलंत?

मोरपिसारा

अभिनंदन! आधी महिनाभर झोप काढ. बाकी सगळं नंतर.

टपरीवरचा_चहा

मिडलाइफ क्रायसिस. इगतपुरीला विपश्यनेला जा, दहा दिवस कोणी केवायसी मागणार नाही.

खातेवही

मी फक्त पैशाचं बोलतो, मनाचं इतर बोलतील.

१. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्यात आईवडील असतील तर त्यांचाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि आधीची वर्षं जमेस धरली जातात. पण अर्ज ग्रुपमधलं नाव कटायच्या आत जायला हवा. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ज्येष्ठांना वयाच्या नावाखाली दारातूनच परत पाठवणं २०२४ पासून बंद झालंय, हप्ता मात्र चांगलाच बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

२. ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून बघ. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. वीस लाखांपर्यंत करमुक्त.

३. पीएफला हात लावू नकोस. व्याज चालू राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर भरावा लागतो हे लक्षात ठेव.

४. हातात न आलेले शेअर्स गेले. त्यांचं दुःख करू नकोस, ते तुझे नव्हतेच.

तिसरा_मजला

@खातेवही, पहिल्या मुद्द्यासाठी साष्टांग नमस्कार. तारीख बघितली, थोडे दिवस आहेत हातात. दुसऱ्यांचे करार वाचण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःची पॉलिसी उघडून पाहिली नव्हती.

@टपरीवरचा_चहा, तिथेही आई निरोप पाठवेल.

बदलापूर_फास्ट

कटू वाटेल, तरी लिहिते. मी नर्स आहे, पालिकेच्या रुग्णालयात. आयुष्याचा फेरविचार मी कुर्ला ते अंबरनाथ उभ्याने करते, तोही बसायला जागा मिळाली की डोळा लागल्यामुळे अर्धवट राहतो. विचार करायला नोकरी सोडणं ही चैन आहे. पार्ल्यात घर, खात्यात पैसे, वर आईच्या हातचं जेवण. यात अडचण नेमकी कुठली?

मोरपिसारा

अगं, असं कसं बोलतेस? प्रत्येकीचं दुःख वेगळं असतं.

तिसरा_मजला

नाही, बोलू दे तिला. चैन आहेच, मला मान्य आहे. इतकी वर्षं साठवलेल्या पैशातून मी ती विकत घेतली. आता अडचण एवढीच की विकत घेतलेला वेळ माझ्या हातात राहत नाहीये.

बदलापूर_फास्ट

हे पटलं. सुट्टी टाकली की सासरी सगळ्यांना माझ्याकडून पुरणपोळ्या हव्या असतात, त्यामुळे कळतं.

निवृत्त_कॅशियर

मुली, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते.

मी एका सरकारी बँकेत कॅशियर होते. २०००-०१ ला सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली, आठवतेय का कोणाला? पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय पूर्ण असेल तर अर्ज करता यायचा. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी ते. देशभरात लाखाच्या घरात माणसं बाहेर पडली. आमच्या शाखेतल्या बायका डबा खाता खाता आकडेमोड करत होत्या.

मी ४४ ची होते. खरं कारण सांगू? कंटाळा. लोकांचे पैसे मोजून मोजून कंटाळले होते. तेव्हा नोटांच्या बंडलांना पिना मारलेल्या असायच्या. त्या उपसून उपसून उजव्या अंगठ्याची कातडी निघायची आणि मग तोच अंगठा पाण्याच्या स्पंजवर टेकवायचा, चरचर चरचर. मला एम. ए. करायचं होतं, इतिहासात. अर्जात मी 'कौटुंबिक कारणास्तव' असं लिहिलं, कारण सगळ्याजणी तेच लिहीत होत्या. साहेबांनी न वाचता सही केली.

घरच्यांनी मात्र नीट वाचलं म्हणायचं! पहिल्या महिन्यात नणंदेचं दुसरं बाळंतपण. मग सासूबाईंचा खुबा. मग दिरांचा मुलगा शाळेतून आमच्याकडे, कारण 'वहिनी घरीच असतात'. कोणी वाईट नव्हतं हो, सगळी मायेची माणसं. पण नोकरीत असताना माझ्या वेळेला बँकेचं कुलूप होतं, ते निघालं. एम. ए. चा फॉर्म दोन वर्षं कपाटात.

शेवटी मी काय केलं असेल? सकाळी पोळीभाजीचा डबा भरला, साडी नेसले, आणि बँकेच्या वेळेला घराबाहेर पडले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर पूर्व, नायगावचं. जुनी संस्था, १८९८ ची. तिथे बसून वाचायचं, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी बँक सुटायच्या वेळेला घरी. कोणी विचारलं तर 'काम आहे' म्हणायचं. आठवड्याभरात दिरांनी मुलाला पाळणाघरात घातलं. भांडण नाही, तंटा नाही. हातात डबा दिसला की या शहरात बाईला कोणी अडवत नाही.

एम. ए. झालं. फर्स्ट क्लास नाही मिळाला, पण झालं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. घरात बसून विचार होत नाही. आणि 'आईबाबांसाठी आले' हे वाक्य लवकर मागे घे. पाच वर्षांनी ते मागे घेता येत नाही, तोवर ते खरं झालेलं असतं.

मोरपिसारा

काकू _/\_ डब्याची आयडिया मी उचलणार.

खातेवही

काकूंच्या अनुभवाला आकड्यांचा आधार देतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. हीच कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. आजारी, म्हातारी, लहान मुलं यांच्याकडे बघणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात.

टपरीवरचा_चहा

८८ मिनिटं? आमच्याकडे तेवढी नाहीत, कबूल करतो. चहा मात्र मीच करतो.

हेमाडपंती

थोडं अवांतर, पण इथे शोभेल. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव सगळ्यांनी 'कोसबाडच्या' म्हणून ऐकलेलं असतं, त्याआधीचा भाग कोणी सांगत नाही. १८९२ चा जन्म, मुंबईतलाच. १९१४ ला पदवी, अमरावतीच्या वकिलांशी लग्न, १९२१ ला घटस्फोट. त्या काळात! मग राजकोटच्या बार्टन कॉलेजात प्राचार्य. मानाची, पगाराची, सरकारी शिस्तीतली जागा. ती सोडून १९२३ ला गिजुभाई बधेकांकडे भावनगरला, बालशिक्षणाच्या प्रयोगात. १९३६ ला मुंबईत परत, दादरला शिशुविहार काढलं. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. मग १९४५ ला बोर्डी, आणि १९५७ ला कोसबाड, म्हणजे लोक निवृत्तीचे अर्ज भरतात त्या वयाच्याही पुढे. १९६२ ला पद्मभूषण.

मला यात काय आवडतं सांगू का? त्यांनी दर वेळी जागा सोडली, काम सोडलं नाही. धागाकर्तीने बघावं की तिला काम नकोसं झालंय की ते काम जिथे बसून करते ती जागा.

बदलापूर_फास्ट

हेमाडपंती, माहिती छान. पण नोकरी सोडलेल्या प्रत्येक बाईसमोर ताराबाईंना उभं केलंत तर ती बिचारी उद्याच परत नोकरी धरेल. पद्मभूषण मिळवायचं नसेल तरी माणसाला थांबता यावं की.

हेमाडपंती

मान्य. निबंध झाला माझा.

तिसरा_मजला

हेमाडपंती, निबंधातला शेवटचा प्रश्न डोक्यात राहिला आहे. कारण मधल्या काळात एक प्रकार घडला.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. बाबा कमिटीत आहेत. गुरुवारी रात्री ते जेवणाच्या टेबलावर बिल्डरच्या ऑफरची फाइल घेऊन बसले होते, चष्मा कपाळावर, भिंग हातात. मी सहज डोकावले. मग खुर्ची ओढली. मग आईने ताटं उचलली आणि मी पेन्सिल मागितली.

पार्ल्याची गोची बाहेरच्यांना माहीत नसते. आम्ही विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या वाटेखाली आहोत. इमारत किती उंच न्यायची हे विमानतळ प्राधिकरणाच्या ना हरकत दाखल्यावर ठरतं. त्यामुळे कागदावर एफएसआय (किती बांधकाम करता येईल ते) भरपूर असला तरी तो रचायला आकाश नाही. बिल्डरला विकायला मजले कमी, म्हणून आम्हाला देऊ केलेली वाढीव जागाही बेताची. हे समजण्यासारखं आहे. पण ऑफरमध्ये लिहिलंय 'चटई क्षेत्रावर इतके टक्के जास्त', आणि कुठलं चटई क्षेत्र ते कुठेच लिहिलेलं नाही! रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींखालची जागाही धरतात. आपली जुनी घरं मोजली भिंती वगळून, आणि नवीन मोजली भिंतींसकट. मग जास्तीच्या टक्क्यांतला एक तुकडा म्हणजे नुसत्या विटा. माझ्या पेन्सिलीने त्या पानावर गोल केला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, हे आमच्या अठ्ठावीस जणांत एकालाही दिसलं नाही."

मग रात्री एकपर्यंत बसलो. सहकारी सोसायट्यांच्या कायद्यातल्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या शासन निर्णयात विकासकाने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी द्यायची आहे. मसुद्यात तिच्याऐवजी 'योग्य ती हमी'. भाडं किती महिन्यांचं आगाऊ, ते मोघम. ताबा लांबला तर काय, त्यावर एक ओळ नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा वेळ कसा गेला ते कळलं नाही. गुरुग्रामला हेच करत होते, पण तिथे माझी खूण झालेलं पान कोणाच्या स्वयंपाकघराची भिंत कुठे येणार ते ठरवत नव्हतं.

टपरीवरचा_चहा

संपलीस तू. आता सोसायटी सोडणार नाही. पुढच्या सभेत सेक्रेटरी.

निवृत्त_कॅशियर

टपरीवाला थट्टेत बोलला, पण खरं बोलला. मुली, आनंद झाला वाचून. पण बघ, नणंदेच्या बाळंतपणाच्या जागी आता सोसायटीचं बाळंतपण आलंय. अठ्ठावीस बिऱ्हाडं तुझ्या दारात येतील आणि सगळे म्हणतील, 'तू घरीच असतेस ना.' हे काम तुला आवडत असेल तर त्याचे पैसे घे. आवडतं म्हणून फुकट करणं आपल्या बायकांना फार जमतं.

खातेवही

स्वतःच्या सोसायटीकडून घेऊ नकोस, सभासदाने फी घेतली की कमिटीत संशय आणि वकिलाची नोटीस यायला वेळ लागत नाही. पण मुंबईत अशा शेकडो सोसायट्या आहेत. पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमतात, तो आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर. तो नकाशे बघतो, गणितं मांडतो. करार सभासदांच्या बाजूने, सोप्या मराठीत समजावून सांगणारं माणूस क्वचित असतं. एकावन्न टक्के संमती पुरते म्हटल्यावर उरलेल्यांना तर कोणी समजावतही नाही. वकिली सल्ला मात्र वकिलाकडूनच जाऊ दे, तेवढी रेघ पाळ.

मोरपिसारा

पण ती आयुष्याचा विचार करायला आली होती ना? तुम्ही तर तिला लगेच धंद्याला लावलंत.

तिसरा_मजला

@मोरपिसारा, तू म्हणतेस ते मलाही वाटलं, म्हणून लगेच काही ठरवत नाहीये. गुरुग्रामच्या पगाराच्या जवळपासही हे जाणार नाही, हेही दिसतंय. खर्चाची वही लिहायला घेतली आहे. आधी आकडा कळू दे.

काकूंचं ऐकून काल घरी सांगितलं. जेवताना. म्हटलं, मी तुमच्यासाठी आलेले नाही, मला माझं बघायचं होतं म्हणून आले. मला वाटलं आई दुखावेल. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "मग तिथे काही झालं नव्हतं ना? खरंच?" म्हणजे इतके दिवस ती दोघं मला काढून टाकलंय असं धरून चालली होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून 'लेक आमच्यासाठी आली' असं सगळ्यांना सांगत होती! बाबा म्हणाले, "आणि केवायसी मी करत होतो की. तूच हातातून घेतलीस, म्हटलं तिला बरं वाटत असेल."

आता मोतीबिंदू सोडून बाकी सगळं बाबांकडे परत. दादालाही फोन केला, तिकीट काढ म्हटलं. तो थोडा फुगला आहे. फुगू दे. सोमवारपासून इथल्याच लोकमान्य सेवा संघाच्या ग्रंथालयात बसणार, डबा घेऊन. आईने विचारलं, भाजी कुठली देऊ.

टपरीवरचा_चहा

या धाग्यात व्हिलनच नाही, काय उपयोग!

निवृत्त_कॅशियर

डबा स्वतः भर.

बदलापूर_फास्ट

ताई, एक काम होतं. माझं माहेर लालबागचं. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी) इमारत, पागडीची खोली, आई एकटी राहते. तिथेही बिल्डर आलाय, संमतीपत्रावर सही मागतोय. आई म्हणते सगळ्यांनी केली, मीही करते. कागद बघशील का?

तिसरा_मजला

सही थांबव आधी. तुमचं प्रकरण वेगळं आहे. आमची सहकारी सोसायटी, म्हणून ७९अ. तुमचं मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) मध्ये जाईल, म्हाडा मध्ये येईल, भाडेकरूंचे हक्क वेगळे. मला ते शिकावं लागेल आणि ओळखीची एक वकील आहे तिला विचारावं लागेल. संमतीपत्राचे आणि आईच्या भाडेपावतीचे फोटो व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठव, वाचते.

बदलापूर_फास्ट

पाठवते. फी सांग आधी.

तिसरा_मजला

अगं, आधी वाचू तर दे.

बदलापूर_फास्ट

नाही, आधी सांग. काकू हा धागा वाचतायत.